लाकडाची रोहिणी

ग्लायडर म्हणजे एंजिन नसलेले विमान, एवढी व्याख्या केली की ऐकणारा लगेच विचारतो, "मग ते उडते कसे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. ग्लायडर उडत नाही, तो पडतो. फक्त तो सरळ खाली न पडता तिरपा, पुढे सरकत, अगदी सावकाश पडतो. सेमिनरी हिल्सच्या उतारावरून पॅडल न मारता सायकल सोडून द्यावी तसे. फरक इतकाच की सायकलचा उतार जमिनीत असतो आणि ग्लायडरने आपला उतार हवेत स्वतःच तयार केलेला असतो. बावीस मीटर पुढे जाताना एक मीटर खाली, असा काहीसा तो उतार. आता ज्या हवेतून तो घसरतो आहे ती हवाच जर वर चढत असेल, आणि ग्लायडरच्या खाली येण्यापेक्षा जास्त वेगाने चढत असेल, तर ग्लायडर हवेत घसरत घसरत जमिनीपासून मात्र उंच उंच जातो. चढत्या जिन्यावर एखादे मूल सावकाश खाली उतरत असावे आणि तरीही वरच्या मजल्यावर पोचावे, तसे. घार नेमके हेच करते. पंख न हलवता ती वर्तुळे घेत वर जाते तेव्हा ती काही चमत्कार करीत नसते. तिला तापलेल्या हवेचा स्तंभ सापडलेला असतो.

हे सांगण्याचे कारण, गेले काही महिने आम्ही दोघे मित्र एका लाकडी ग्लायडरची प्रतिकृती बांधत आहोत. तीही नुसती काचेच्या कपाटात ठेवण्याची नव्हे, तर रेडिओने नियंत्रित होणारी, प्रत्यक्ष उडणारी. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे उद्योग का करावेत, असा प्रश्न आमच्या एका प्राध्यापकांनी विचारला होता. त्याला दिलेले उत्तर इथे देत नाही. पुढचे वाचल्यावर ते ज्याचे त्याने ठरवावे.

नागपूरला आकाशाचे वेड तसे नवे नाही. १९४९ पासून कितीतरी वर्षे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका सरळ उपयोग क्वचितच कोणी केला असेल. वायुसेनेच्या मेन्टेनन्स कमांडचे मुख्यालय इथे आहे. एनसीसीच्या हवाई विभागाची २ महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन ही तुकडी नागपूरची, आणि या विभागाच्या अभ्यासक्रमात एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांच्या प्रतिकृती बांधणे व उडवणे, हा विषयच आहे. अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. तेव्हा या शहरात लहान विमान बांधणारा माणूस अगदीच वेडा ठरत नाही.

पण प्रतिकृती कशाची करायची? परदेशी नियतकालिकांत तयार नकाशे मिळतात, जर्मन आणि इंग्रज ग्लायडरांचे. आम्ही ठरवले की करायची तर आपल्याकडच्या ग्लायडरची. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फारशी कुणाला ठाऊक नाही. स्वातंत्र्यानंतर नागरी उड्डाण खात्याच्या दिल्लीतील सफदरजंग येथल्या तांत्रिक केंद्रात भारतीय बनावटीच्या ग्लायडरांची एक मालिकाच तयार झाली आणि त्यांना नावे दिली गेली ती नक्षत्रांची. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. ज्यांच्या घरी कालनिर्णय आहे त्यांना हा क्रम ओळखायला अडचण पडू नये. कृत्तिकेचे तेवढे कार्तिक झाले आहे. अश्विनीने १९५८ मध्ये उड्डाण केले, रोहिणीने १९६१ मध्ये, कार्तिकने १९६३ मध्ये, आर्द्राने १९७९ मध्ये. म्हणजे आकाशातला क्रम जमिनीवर अगदी काटेकोर पाळला गेला नाही, पण कल्पना सुंदर होती यात शंका नाही.

यांतील रोहिणी हे शिकाऊ ग्लायडर. एस. रामामृतम यांनी त्याची रचना केली. शंभराहून अधिक रोहिणी बांधल्या गेल्या आणि देशभरच्या ग्लायडिंग क्लबांत वाटल्या गेल्या. शिक्षक आणि विद्यार्थी यांची आसने एकापुढे एक नसून शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून. सगळे बांधकाम लाकडाचे, प्लायवुडचे आणि कापडाचे. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी आयुष्यातले पहिले उड्डाण या लाकडी यंत्रात केले असेल. आज फायबरग्लास आणि अॅल्युमिनियम यांच्या काळात लाकडी ग्लायडर मागे पडले. लाकूड कुजते, सरस सुटतो, कापड जीर्ण होते. आणि लाकडी विमान दुरुस्त करणारा कारीगर निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा येत नाही. रोहिणी हे नाव तर आमच्यासाठी विशेषच. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तो २५ मेच्या सुमारास आणि त्या नऊ दिवसांना आपण नवतपा म्हणतो. नागपूरकराला नवतपा समजावून सांगण्याची गरज नाही. हवा वर चढण्याचा, म्हणजे ग्लायडरच्या इंधनाचा, याहून मोठा साठा वर्षभरात नसतो.

आता हिशेबाकडे वळू. खऱ्या रोहिणीच्या पंखांचा पसारा साडेसोळा मीटरांहून किंचित अधिक आहे, आणि पंखांचे क्षेत्रफळ वीस-एकवीस चौरस मीटर. आम्ही एकास पाच हे प्रमाण धरले. पसारा झाला सुमारे ३ मीटर ३० सेंटिमीटर. हे ऐकून बहुतेकांना वाटते की वजनही पाचपट कमी होईल. तसे होत नाही, आणि प्रतिकृतीच्या शास्त्रातली सगळी गंमत इथेच आहे. लांबी पाचपट कमी झाली की क्षेत्रफळ पंचवीसपट कमी होते आणि घनफळ, म्हणजेच वजन, सव्वाशेपट कमी व्हायला हवे. दोन माणसांसह खरे यंत्र सुमारे पाचशे किलोंचे. त्याला सव्वाशेने भागा : चार किलो. हा चार किलोंचा आकडा आमच्या कामाच्या टेबलावर खडूने लिहिलेला आहे आणि त्याचा धाक वार्षिक परीक्षेपेक्षा जास्त आहे.

वेगाचे गणित आणखी निराळे. वेग पाचपट कमी होत नाही. पाचाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण सव्वादोनपट, कमी होतो. खरे ग्लायडर ताशी साठ किलोमीटरने तरंगत असेल तर आपले ताशी सत्तावीसच्या आसपास तरंगले पाहिजे. तरच पाहणाऱ्याला त्यात खऱ्याचा डौल दिसतो. प्रतिकृती जड झाली की ती उडते, पण घाईघाईने उडते, आणि मग ती कितीही हुबेहूब रंगवलेली असली तरी डोळा फसत नाही. म्हणजे वजन हा इथे केवळ तांत्रिक प्रश्न नाही. सौंदर्याचाही प्रश्न आहे. एक गोष्ट मात्र कुणालाच लहान करता येत नाही : हवा. पंख पाचपट लहान झाला, पण हवेचे रेणू होते तेवढेच राहिले, आणि लहान पंखाला तीच हवा जास्त चिकट वाटते. त्यामुळे पंखाचा छेद अगदी खऱ्यासारखा ठेवला तर तो लहान आकारात नीट काम करीत नाही. जाणकार छेद थोडा पातळ करतात. काही जण तर स्थैर्यासाठी शेपटीही दहा टक्क्यांनी मोठी करतात. छेद बदललेला कुणाला दिसत नाही, तो आम्ही बदलला. शेपटी मोठी केलेली दिसते, ती आम्ही केली नाही. मोठ्या शेपटीची रोहिणी ही रोहिणी नव्हे, असे माझे मत आहे आणि त्यावर आमच्या दोघांत दोन दिवस अबोला होता.

लाकूड हा विषय जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. जगभर प्रतिकृतीसाठी वापरतात ते बाल्सा. दक्षिण अमेरिकेतले, मुख्यतः इक्वेडोरमधले, झपाट्याने वाढणारे झाड. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ तराफा. १९४७ मध्ये थॉर हायरडालने कॉन-टिकी नावाचा तराफा पॅसिफिक महासागरातून नेला तो याच ओंडक्यांचा. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या अंगात प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्साच भरलेले होते. एक घनमीटर बाल्सा शंभर ते दोनशे किलो भरते. आपले सागवान साडेसहाशेच्या घरात. सुतारकाम करणाऱ्या आमच्या काकांच्या हातात बाल्साची पहिली फळी दिली तेव्हा त्यांनी ती उलटीपालटी केली, नखाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, हे लाकूड हाये का पापड?" तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ते पापड वाटणे साहजिक आहे.

पण गंमत पुढेच आहे. हे परदेशी झाड आपल्याला वाटते तितके परके नाही. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या वर्गीकरणात बाल्सा आणि आपली काटेसावर एकाच कुळातली. फाल्गुनात पाने झडून लाल फुलांनी पेटलेली सावर रामटेकच्या वाटेवर सर्वांनी पाहिलेली आहे. नव्या वर्गीकरणात ते कूळ कापसाच्या कुळात विलीन केले आहे. म्हणजे बाल्सा हा विदर्भाच्या कापसाचा दूरचा चुलत भाऊ लागतो! सावरीचे लाकूडही मऊ आणि हलके. आगपेटीच्या काड्या आणि प्लायवुडसाठी वापरतात. ते बाल्सापेक्षा दुपटीतिपटीने जड, म्हणून पंखात चालत नाही. मात्र जिथे वजन चालते, किंबहुना हवेच असते, तिथे त्याच्यासाठी इक्वेडोरला जाण्याचे कारण नाही. ग्लायडरचे नाक ही अशी जागा. का, ते पुढे येईल. आमच्या रोहिणीचे नाक सावरीचे आहे, आणि ते काकांनी पटाशीने एका दुपारीत घडवले.

पंखाची रचना पतंगावरून समजते. पतंगाला दोन कामट्या : एक उभी, एक कमानीसारखी वाकवलेली. कागद फक्त हवा अडवतो, ताण सगळा कामट्या घेतात. ग्लायडरच्या पंखातही कापड फक्त आकार देते, ताण घेते ती मधली तुळई. ही तुळई एका लाकडाची नसते. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, आणि दोहोंच्या मध्ये पातळ लाकडाचा उभा पडदा. पंख वर वाकू लागला की वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लाकूड ताण जितका सोसते तितका दाब सोसत नाही, म्हणून वरची पट्टी खालचीपेक्षा जाड. पट्ट्या पाइनच्या, आणि त्यांची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी. गाठ असलेली पट्टी बाद. लाकडाच्या वखारीत आम्ही शंभरएक पट्ट्या उन्हात धरून पाहिल्या तेव्हा आठ पसंत पडल्या. वखारवाल्या भाऊंना आम्ही मुलगी पाहायला आलो आहोत असे वाटले असावे.

तुळईवर फासळ्या चढतात. रोहिणीचा पंख टोकाकडे निमुळता, म्हणून प्रत्येक फासळी पुढचीपेक्षा थोडी लहान. एकेक कापत बसलो असतो तर एकीचाही मेळ दुसरीशी बसला नसता. युक्ती अशी : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान फासळीचे प्लायवुडचे नमुने करायचे, त्यांच्यामध्ये बाल्साच्या फळ्यांची चळत दाबून दोन लांब बोल्टांनी आवळायची, आणि मग सगळी चळत एकदम रंध्याने आणि काचपेपरने घासायची, दोन्ही नमुन्यांना रंधा लागेपर्यंत. चळत सोडली की फासळ्या उतरत्या क्रमाने आपोआप तयार. या कामासाठी सपाट पाट लागतो, आणि घरात खरोखर सपाट वस्तू एकच असते : फ्लश डोअर. आम्ही एका जुन्या दाराला दोन घडवंच्यांवर आडवे निजवले आहे. गुण्या आणि दोरा लावून ते तपासले. मधोमध अर्धा मिलिमीटर फरक निघाला, तो चालतो.

पंखाच्या पुढच्या कडेपासून तुळईपर्यंतचा भाग वरखाली पातळ लाकडाने मढवतात. छेद पाहिला तर इंग्रजी डी अक्षरासारखी पोकळ नळी दिसते. ही नळीच पंखाला पिळवटू देत नाही. पुठ्ठ्याची नळी पिळून पाहा आणि तीच नळी उभी चिरून पिळून पाहा, म्हणजे फरक कळेल. मढवण्यापूर्वी एक नाजूक काम करावे लागते. पंखाचे टोक मुळापेक्षा दोनेक अंशांनी खाली झुकलेले ठेवायचे. वेग फार कमी झाला की पंख हवेवरची पकड सोडतो. ती पकड आधी टोकाशी सुटली तर ग्लायडर एका कुशीवर कलंडून गिरक्या घेत खाली येतो. टोक झुकवलेले असले की पकड आधी मुळाशी सुटते, नाक हलकेच खाली जाते आणि वेग परत येतो. एकदा डी-नळी चिकटली की हा पीळ कायमचा. तो चुकीचा बसला तर पंख मोडून नवा करण्याखेरीज उपाय नाही. म्हणून त्या रात्री सरस वाळेपर्यंत पंख दारावर टाचण्यांनी, विटांनी आणि मराठी विश्वकोशाच्या दोन खंडांनी दाबून ठेवला होता. विश्वकोशाचा इतका थेट उपयोग विद्यार्थ्यांनी क्वचितच केला असेल.

धड त्या मानाने सोपे. प्लायवुडच्या चौकटी ओळीने उभ्या करायच्या, त्यांच्या कोपऱ्यांतून लांब पट्ट्या न्यायच्या आणि वरून पातळ लाकूड चिकटवायचे. नावाडी होडी बांधतात त्याच पद्धतीने. दोन आसने शेजारी असल्यामुळे रोहिणीचे धड पुढे रुंद आहे. खऱ्या वैमानिकाला ते हवेच्या विरोधामुळे तोट्याचे, पण आम्हाला सोयीचे, कारण रेडिओचा संच, बॅटरी सगळे तिथे आरामात मावते.

खरी कसोटी शेपटीची. ग्लायडरचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशाच्या अलीकडे, यावा लागतो. आमच्या पंखाची सरासरी रुंदी पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे मध्य आठ सेंटिमीटरांवर. तो मागे गेला तर ग्लायडर ताब्यात राहत नाही. नाक वर, नाक खाली असे झोके घेत तो जमीन गाठतो. आता नाकाचे टोक या मध्यापासून चाळीसेक सेंटिमीटर पुढे आहे आणि शेपटी शंभर सेंटिमीटर मागे. तराजूचा साधा नियम : शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात अडीच ग्रॅम शिसे भरावे लागते. एकूण साडेतीन ग्रॅम. म्हणून शेपटीसाठी सर्वांत हलके बाल्सा निवडून ठेवायचे, शेपटीकडे सरस थेंबाने मोजायचा, आणि नाक मात्र सावरीचे चालते, कारण तिथे नाहीतरी शिसे ओतायचेच आहे.

चिकटवण्याच्या बाबतीत नागपूरच्या हवेने आम्हाला बरेच शिकवले. फेविकॉल सावकाश वाळतो पण बाल्साला उत्तम; ताणाच्या जागी अॅराल्डाइट. झटपट चिकटणारा जो सरस फेवीक्विक या नावाने आपण ओळखतो, तो वाळतो हवेतल्या ओलाव्यामुळे. पुस्तकात लिहिलेले असते पाच सेकंद. मे महिन्याच्या दुपारी हवेत ओलावाच नसतो, तेव्हा तो बराच वेळ ओला राहतो, आणि पावसाळ्यात बाटलीच्या तोंडाशीच घट्ट होऊन बसतो. लाकडाचेही तसेच. उन्हाळ्यात ते आकसते, आषाढात फुगते. मेमध्ये ताणून चिकटवलेली पातळ फळी जुलैत लाटेसारखी उठते. म्हणून मढवण्याचे काम दिवाळीनंतर, हवा मध्यम असताना करावे. पंखावर खऱ्या रोहिणीला सुती कापड आणि त्याला ताणून धरणारा डोप नावाचा लेप असे. आजकाल इस्त्रीने चिकटवायची प्लास्टिकची पारदर्शक पटले मिळतात, ती हलकी आणि सोपी. पण उन्हात ती सैल पडतात, आणि कापडाचा पोत त्यांत नाही. आम्ही पातळ रेशमी कापड आणि डोप घेणार आहोत. वजन थोडे वाढेल. पण उजेडात पंख धरला की फासळ्यांच्या सावल्या त्यातून दिसतात, आणि लाकडी ग्लायडर आकाशात ओळखू येतो तो याच सावल्यांवरून.

रेडिओबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो बाजारात तयार मिळतो. अशा खेळण्याचा इतिहास अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांपर्यंत जातो; त्यांनी १९३७ मध्ये रेडिओने चालणारे छोटे विमान यशस्वीपणे उडवले. पूर्वीच्या संचांत स्फटिक असे आणि एकाच मैदानात दोघांचे स्फटिक जुळले तर दोन्ही विमाने जमिनीवर येत. आताचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि गर्दी टाळून आपोआप मार्ग बदलतात. हातातल्या पेटीवरच्या दांड्या हलवल्या की धडातल्या सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारी तितक्याच फिरतात आणि तारांनी सुकाणू, शेपटीचा आडवा पडदा व पंखांच्या टोकांवरचे पडदे हलवतात. ग्लायडरला आणखी एक पडदा लागतो : पंखाच्या पाठीतून वर उघडणारा ब्रेक. इतर विमानांपुढे प्रश्न असतो वर राहण्याचा; ग्लायडरपुढे कधी कधी खाली उतरण्याचा. मैदान संपते आणि तो तरंगतच असतो.

लांब पंखाच्या ग्लायडरची एक खोड सांगितली पाहिजे. डावीकडे वळण्यासाठी डावा पंख खाली करायचा, म्हणून उजव्या टोकाचा पडदा खाली आणि डाव्याचा वर होतो. उजवा पंख वर उचलला जातो खरा, पण जास्त उचलीची किंमत म्हणून त्याला हवेचा विरोधही जास्त होतो, तो मागे ओढला जातो, आणि नाक डावीकडे न वळता उजवीकडे वळते! म्हणजे सांगावे एक आणि करावे दुसरे. यावर उपाय, पडद्यांबरोबर सुकाणूही त्याच दिशेने द्यायचे, आणि खाली जाणारा पडदा वर जाणाऱ्यापेक्षा कमी हलेल अशी जोडणी करायची. शिकणाऱ्याची दुसरी अडचण ग्लायडर आपल्याकडे येऊ लागला की होते. त्याचा डावा आपला उजवा होतो. जुने लोक एक सोपी खूण सांगतात : जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच्याखाली दांडीचा टेकू द्यावा, म्हणजे दांडी त्या बाजूला ढकलावी.

उडवायचे कसे? तीस मीटर रबरी दोर, त्याला शंभर-सव्वाशे मीटर नायलॉनची दोरी, रबराचे टोक खुंटीला. दोरीच्या टोकाची कडी ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवून मागे चालत जायचे, ताणकाटा ग्लायडरच्या वजनाच्या तिप्पट दाखवेपर्यंत. आमच्या बाबतीत बारा किलो. हात सोडला की तो पतंगासारखा वर चढतो, आणि डोक्यावर पोचल्यावर दोरी सैल पडून कडी आपोआप निसटते. आकडा गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे हवा. मागे असेल तर ग्लायडर दोरीवरच कलंडतो. दोन्ही पंखांना जोडणाऱ्या पोलादी सळईची परीक्षा याच दहा सेकंदांत होते.

जागा आणि वेळ यांबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. सोनेगावला नागरी विमाने आहेत तशी वायुसेनेचीही आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या पंचवीस किलोंपर्यंतच्या प्रतिकृतींचाही विचार आहे. डिजिटल स्काय या नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात १२० मीटरांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात ६० मीटरांपर्यंत मोकळीक आहे. निघण्यापूर्वी नकाशा पाहावा. शेताच्या मालकाला विचारावे ते वेगळेच. संक्रांतीच्या आगेमागे तर ग्लायडर बाहेरच काढू नये. त्या दिवसांत नागपूरच्या आकाशात जितका मांजा असतो तितका पंखच काय, मानही कापायला पुरतो.

नवतप्याची ओढ वाटली तरी पहिले उड्डाण तेव्हा करणे शहाणपणाचे नाही. पंचेचाळीस अंशांना आणि नागपूरच्या तीनशे मीटर उंचीवर हवा समुद्रकाठच्या प्रमाणित हवेपेक्षा आठव्या हिश्श्याने विरळ असते. तेवढ्याच वजनाला तोलण्यासाठी ग्लायडरला सुमारे सात टक्के जास्त वेगाने जावे लागते. शिवाय काळ्या रेगूर जमिनीवरून उठणारे प्रवाह इतके जोरदार असतात की वावटळीत सापडलेले लाकूड शाबूत परत येईलच असे नाही. फेब्रुवारी-मार्च बरा. गहू-हरभरा निघालेला असतो, शेत मोकळे आणि काळे, सकाळी दहानंतर हवा हळूहळू उठू लागते. प्रवाह कुठे आहे हे सांगायला घारी असतातच. घार वर्तुळ घेत असेल तिथे जावे. तिची हरकत नसते.

आजमितीला आमचे काम कुठे आले आहे ते सांगतो. न मढवलेले दोन पंख १,३५० ग्रॅम, धड ८२०, शेपटी १४०, सळई आणि तिच्या नळ्या १६०, एकूण २,४७०. कापड आणि डोप ३५०, रेडिओ, सहा सर्व्हो व बॅटरी ४२०, काच आणि आतले दोन पुतळे, एक शिक्षक व एक विद्यार्थी, मिळून १२०. हे झाले ३,३६०. नाकातले शिसे अंदाजे पाचशे ग्रॅम धरले तर बेरीज ३,८६० होते आणि चार किलोंच्या आत आम्ही १४० ग्रॅमने राहतो. शिसे सातशे लागले तर साठ ग्रॅमने बाहेर जातो. कापड चढवून, रेडिओ बसवून, ग्लायडर दोन बोटांवर तोलल्याशिवाय हा आकडा कळणार नाही. दीडशे ग्रॅमची बॅटरी दहा सेंटिमीटर पुढे सरकवली तर तीस-चाळीस ग्रॅम शिसे वाचेल. त्यासाठी पहिल्या चौकटीतले भोक रुंद करायला हवे. काकांनी बारीक पाते लावून ठेवले आहे, रविवारी बोलावले आहे.